कार्यालयातील संगणकांचे पत्तेवाटप: डीएचसीपीचा पल्ला आणि वगळलेले पत्ते

कार्यालयातील प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी ‘सापडत नाही’. बोटाच्या ठशावरून हजेरी घेणारे यंत्र नेमके पगारपत्रक काढण्याच्या दिवशी संगणकाशी बोलेनासे होते. एखाद्या संगणकावर आयपी पत्त्याच्या संघर्षाची सूचना झळकते आणि कोणी नीट वाचण्याआधीच नाहीशी होते. या तक्रारी वरकरणी निरनिराळ्या वाटतात. प्रिंटर दुरुस्त करणारा येऊन जातो, केबल बदलली जाते, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की काही दिवस बरे जातात. अशा वेळी दोष पुष्कळदा यंत्रात नसतोच. कोणते पत्ते आपोआप वाटायचे आणि कोणते मुळीच वाटायचे नाहीत, हे नेटवर्क उभारताना कोणी ठरवलेले नसते. हे ठरवण्याचे काम तासाभराचे असते. ते न केल्याचा भुर्दंड मात्र वर्षानुवर्षे भरावा लागतो.

पत्ता देतो कोण?

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता लागतो आणि एकाच जाळ्यात एक पत्ता दोघांकडे असून चालत नाही. दहा-बारा संगणक असतील तर प्रत्येकासमोर बसून हाताने पत्ता भरणे शक्य असते. संख्या वाढली की ते अशक्य होते. त्यासाठी पत्ते वाटणारा एक सर्व्हर नेमला जातो आणि तो ज्या नियमांनी काम करतो त्यांना डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल, अर्थात डीएचसीपी म्हणतात. १९८५ साली आलेल्या बूटपी या जुन्या पद्धतीवर तो उभा आहे. त्याचा पहिला दस्तऐवज ऑक्टोबर १९९३ मधला, तर सर्वत्र आधार मानला जाणारा, राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला आरएफसी २१३१ हा दस्तऐवज मार्च १९९७ मधला आहे.

व्यवहार चार निरोपांत उरकतो. नवा संगणक जाळ्यावर येताच सर्वांना ऐकू जाईल अशी हाळी देतो की मला पत्ता हवा आहे. सर्व्हर एक पत्ता देऊ करतो. संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर त्यावर शिक्कामोर्तब करतो. पत्त्यासोबतच सबनेट मास्क, बाहेरच्या जगाकडे नेणाऱ्या गेटवेचा पत्ता आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता हेही हाती पडते.

दिलेला पत्ता कायमचा नसतो. तो ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे लीजवर मिळतो. आपल्याकडील अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची आठवण येथे यावी. फरक इतकाच की येथील भाडेकरू मुदत संपण्याची वाट पाहत नाही. निम्मी मुदत सरताच तो नूतनीकरणासाठी त्याच सर्व्हरकडे जातो. उत्तर न मिळाल्यास साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर जो कोणी सर्व्हर ऐकत असेल त्याला साद घालतो. तेही व्यर्थ गेले आणि मुदत संपली, की पत्ता सोडून द्यावा लागतो.

पल्ला म्हणजे काय, वगळणे म्हणजे काय

फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी तीन पट्टे मोकळे ठेवले आहेत: १०.०.०.० पासूनचा मोठा पट्टा, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ हा मधला आणि १९२.१६८.०.० पासूनचा तिसरा. लहान-मध्यम कार्यालयांत बहुधा तिसऱ्याचाच एखादा तुकडा वापरात असतो.

उदाहरणादाखल साठ कर्मचाऱ्यांचे एक लेखापरीक्षण कार्यालय घेऊ. जाळे १९२.१६८.१.० चे, मास्क २५५.२५५.२५५.०. या तुकड्यात एकूण २५६ पत्ते येतात. पहिला, म्हणजे ० ने संपणारा, जाळ्याचे नाव म्हणून आणि शेवटचा, २५५ ने संपणारा, सर्वांना एकाच वेळी निरोप देण्यासाठी राखलेला असतो. उरतात २५४. हे सर्वच्या सर्व वाटपाला लावले, तर पहिल्याच आठवड्यात घोळ होतो, कारण राउटर, सर्व्हर, स्विच, प्रिंटर यांना आपण हाताने दिलेले पत्तेही त्याच २५४ मधले असतात.

म्हणून आखणी करावी ती अशी. १ ते १९ हे राउटर, स्विच आणि सर्व्हर यांच्यासाठी. २० ते ४९ प्रिंटर, हजेरीचे यंत्र, कॅमेऱ्यांचे ध्वनिमुद्रण-चित्रमुद्रण करणारा डबा, इंटरकॉमची यंत्रणा यांच्यासाठी. ५० ते २२९ कर्मचाऱ्यांचे संगणक आणि मोबाइल यांना आपोआप वाटण्यासाठी. हे १८० पत्ते झाले. २३० ते २५४ हे पंचवीस पत्ते पुढच्या गरजेसाठी शिल्लक. आकडे प्रत्येक कार्यालयाने आपल्या सोयीने ठरवावेत. मात्र ते सलग गटांत असावेत. एक पत्ता येथे वगळलेला, दोन तेथे वगळलेले अशी ठिगळे लावली की सहा महिन्यांनी ती कोणालाच उलगडत नाहीत.

ही आखणी सर्व्हरला दोन प्रकारे सांगता येते. पहिला प्रकार साधा: वाटपाचा पल्ला ५० ते २२९ इतकाच लिहायचा. दुसऱ्या प्रकारात पल्ला १ ते २५४ असा पूर्ण लिहून त्यातून १ ते ४९ आणि २३० ते २५४ हे दोन गट वगळायचे. एकात ४९, दुसऱ्यात २५, मिळून ७४ वजा झाले की उरतात तेच १८०. विंडोज सर्व्हरमध्ये पल्ल्याला स्कोप म्हणतात. तेथे दुसरा प्रकार सोयीचा पडतो, कारण पुढे वाटपाची जागा वाढवायची झाली तर वगळलेला गट आखडता घेतला की काम होते. सिस्कोच्या राउटरवरही वगळण्याची आज्ञा आहे. पण ती पल्ल्याच्या वर्णनात नसते, बाहेर मुख्य रचनेत स्वतंत्र द्यावी लागते, आणि नवशिके तेथेच अडखळतात. लिनक्सवर वर्षानुवर्षे चाललेल्या आयएससी डीएचसीपी या आज्ञावलीत मात्र ‘वगळा’ असा शब्दच नव्हता. त्यात मधले पत्ते सोडून दोन किंवा तीन तुकड्यांचे पल्ले लिहावे लागत. या आज्ञावलीची देखभाल तिच्या निर्मात्या संस्थेने २०२२ च्या अखेरीस थांबवली आणि तिच्या जागी किया ही नवी आज्ञावली पुढे केली. ज्या कार्यालयात अद्याप जुनीच चालू आहे त्यांनी बदलाचा विचार आता लांबवू नये.

एक गोष्ट विंडोजवाल्यांनी आरंभीच ध्यानात घ्यावी. स्कोप एकदा तयार झाला की त्याचा सबनेट मास्क बदलता येत नाही. सगळा स्कोप पुसून नव्याने लिहावा लागतो. म्हणून तुकडा केवढा घ्यायचा याचा विचार आधी करावा.

स्थिर, राखीव आणि वगळलेला

या तीन शब्दांची गल्लत इतकी सर्रास होते की येथे थोडे थांबणे भाग आहे.

स्थिर पत्ता यंत्रात हाताने भरलेला असतो. डीएचसीपी सर्व्हरला त्याचा पत्ताच नसतो, आणि येथे शब्दश्लेष अभिप्रेत आहे. राखीव पत्ता सर्व्हरच देतो, पण दरवेळी त्याच यंत्राला तोच. यंत्राच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला बारा अंक-अक्षरांचा मॅक क्रमांक असतो; तो ओळखून सर्व्हर पत्ता हाती ठेवतो. वगळलेला पत्ता म्हणजे सर्व्हरला केलेली मनाई: हा वाटपातून कोणाला देऊ नकोस. तो पत्ता कोणाकडे आहे, आहे की नाही, याच्याशी त्या मनाईला कर्तव्य नसते. ‘प्रिंटरचा पत्ता वगळला आहे, मग तो पक्का झाला’ असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरते. वगळल्याने फक्त तो दुसऱ्याला जाणार नाही. प्रिंटरला तो मिळावा यासाठी प्रिंटरमध्ये हाताने भरायला हवा किंवा सर्व्हरवर राखीव करायला हवा.

मग कोणासाठी काय वापरावे? राउटर, स्विच आणि स्वतः डीएचसीपी सर्व्हर यांचे पत्ते हाताने भरावेत आणि वाटपातून वगळावेत. पत्ते वाटणाऱ्यालाच पत्त्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये. प्रिंटर, हजेरीचे यंत्र आणि कॅमेरे यांच्यासाठी आमच्या मते राखीव पत्ता अधिक बरा. उद्या डीएनएस सर्व्हर किंवा गेटवे बदलला तर वीस यंत्रांपुढे जाऊन बारीकशा पडद्यावर आकडे बदलत बसावे लागत नाही. सर्व्हरवर एकदा बदलले की नूतनीकरणाच्या वेळी सर्वांना कळते. या सोयीलाही एक काच आहे. प्रिंटर बदलला की मॅक क्रमांक बदलतो. नवा प्रिंटर जुन्याच जागी ठेवून, जुनीच केबल जोडून मंडळी निघून जातात. त्याला दुसराच पत्ता मिळतो आणि साऱ्या कार्यालयाची छपाई थांबते. यंत्र बदलणाऱ्याला राखीव नोंद बदलण्याची आठवण करून देणारी चिठ्ठी प्रिंटरच्या पाठीवर चिकटवलेली बरी.

राखीव पत्ता वाटपाच्या पल्ल्याच्या आत घ्यावा की बाहेर, याचे उत्तर प्रत्येक उत्पादनात निराळे आहे. आयएससीच्या आज्ञावलीत तो बदलत्या पल्ल्याच्या बाहेरच ठेवावा असे सांगितले जाते. दुसरीकडे तो पल्ल्याच्या हद्दीत असणे अपेक्षित असते. आपल्या उत्पादनाची माहितीपुस्तिका पाहूनच हे ठरवावे. शेजारच्या कार्यालयात कसे आहे यावरून नव्हे.

संघर्ष लपून का राहतो

समजा, प्रिंटरला कोणीतरी हाताने १९२.१६८.१.६० हा पत्ता दिला. आपल्या आखणीत हा आकडा वाटपाच्या पल्ल्यात येतो. सर्व्हरच्या वहीत फक्त त्याने स्वतः दिलेले पत्ते असतात, म्हणून त्याच्या लेखी ६० मोकळाच आहे. तरीही महिनाभर काही घडत नाही, कारण ६० ची पाळी आलेली नसते. मग एके दिवशी नवा लॅपटॉप येतो आणि सर्व्हर त्याला ६० देऊन मोकळा होतो.

असे होऊ नये यासाठी दोन राखणदार आहेत. पत्ता देण्यापूर्वी सर्व्हरने त्या पत्त्यावर पिंग करून, म्हणजे हाक मारून पाहावे आणि पत्ता मिळाल्यावर संगणकानेही जाळ्यात विचारणा करावी, असे आरएफसी २१३१ सुचवतो. विचारणेत दुसरा कोणी आढळला तर संगणक पत्ता नाकारतो आणि विंडोज सर्व्हरच्या यादीत त्या पत्त्यापुढे ‘बॅड अ‍ॅड्रेस’ असा शेरा पडतो. असे शेरे यादीत दिसू लागले, तर वाटपाच्या पल्ल्यात कोणीतरी हाताने पत्ते भरून बसले आहे असे खुशाल समजावे.

पण दोन्ही राखणदारांना डुलकी लागते. विंडोज सर्व्हरमधील पिंगची चाचणी मुळात बंद असते. गुणधर्मांत जाऊन तिची संख्या शून्यावरून वाढवावी लागते. पाचपर्यंत वाढवता येते, मात्र प्रत्येक चाचणीने पत्ता मिळायला उशीर होतो, म्हणून एक किंवा दोन पुरेत. अनेक यंत्रे तर सुरक्षेच्या नावाखाली पिंगला उत्तरच देत नाहीत. सर्वांत मोठी गोम अशी की प्रिंटर त्या क्षणी बंद असेल तर दोन्ही चाचण्या निर्वेध पार पडतात. सकाळी नऊला लॅपटॉपने पत्ता घेतला, साडेनऊला शिपायाने प्रिंटर सुरू केला, आणि एका पत्त्याचे दोन धनी झाले. त्यानंतर ज्या संगणकांच्या स्मरणात प्रिंटरचा मॅक क्रमांक आहे त्यांचे कागद छापून येतात, ज्यांच्या स्मरणात लॅपटॉपचा बसला त्यांचे येत नाहीत. अर्ध्या कार्यालयाची तक्रार, अर्ध्याची नाही. दुपारी लॅपटॉपवाला साहेबांबरोबर बाहेर गेला की सगळे सुरळीत. विवरणपत्रांच्या मुदतीच्या आठवड्यात हे घडले तर दोष सापडेपर्यंत माणसे एकमेकांवर खेकसून मोकळी होतात.

वगळलेल्या गटाचे मोल येथे कळते. प्रिंटर बंद असो वा चालू, त्याचा पत्ता वाटपातच नसेल तर चाचणीच्या भरवशावर राहावे लागत नाही.

मुदत आणि मोजदाद

वगळणे म्हणजे वाटपाची जागा कमी करणे. तेव्हा उरलेले पत्ते पुरतात का, हा हिशेब ओघाने आलाच.

आपल्या कार्यालयात ६० संगणक आणि तितकेच मोबाइल धरले तर १२० पत्ते रोज लागतात. उरतात ६०. दररोज सरासरी वीस अशील येतात आणि वायफायला जोडले जातात असे माना. विंडोज सर्व्हरवर लीजची मूळ मुदत आठ दिवसांची असते. सकाळी तासभर येऊन गेलेल्या अशिलाच्या मोबाइलसाठी पत्ता पुढील आठ दिवस अडकून राहतो. आठ दिवसांत कामाचे किमान सहा दिवस येतात. सहा गुणिले वीस, म्हणजे १२० पत्ते आता कार्यालयात नसलेल्या माणसांच्या नावावर. १२० आणि १२० मिळून २४०, आणि वाटायला आहेत १८०. शुक्रवार-शनिवारकडे नव्याने येणाऱ्यांना पत्ता मिळेनासा होतो. मुदत आठ तासांवर आणली तर एका वेळी १४० पत्ते पुरतात आणि एकही यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

मोबाइलांनी या हिशेबात आणखी एक भर घातली आहे. खासगीपणा जपण्यासाठी अँड्रॉइडच्या २०१९ मधील दहाव्या आणि आयफोनच्या २०२० मधील चौदाव्या आवृत्तीपासून मोबाइल आपला खरा मॅक क्रमांक न सांगता वायफायला बनावट क्रमांक देतात. हेतू चांगला आहे. पण ज्या साहेबांचा मोबाइल मॅक क्रमांकावरून राखीव पत्त्यावर ठेवला होता, त्यांचा तो पत्ता अशा वेळी जातो. कार्यालयाच्या वायफायपुरते हे वैशिष्ट्य बंद करता येते.

जागा खरोखरच अपुरी पडू लागली तर मास्क २५५.२५५.२५४.० करून दुप्पट, म्हणजे ५१० पत्त्यांचा तुकडा घेण्याचा मोह होतो. वर सांगितल्याप्रमाणे त्यासाठी स्कोप नव्याने लिहावा लागेल. शिवाय हाताने पत्ते भरलेल्या प्रत्येक यंत्रातील मास्कही हातानेच बदलावा लागेल. एखादे राहिले तर ते नव्या अर्ध्या भागातील संगणकांना उत्तर देताना चुकते. पाहुण्यांसाठी वेगळे व्हीलॅन काढून त्याला स्वतंत्र पल्ला द्यावा, हा अधिक शहाणपणाचा मार्ग. अशिलांचे मोबाइल आणि लेखापुस्तकांचा सर्व्हर एकाच जाळ्यात असणे तसेही गैरच. पत्त्याची हाळी राउटर ओलांडून जात नाही, म्हणून अशा वेळी राउटरवर किंवा स्विचवर रिले बसवावा लागतो. तो हाळी मुख्य सर्व्हरकडे पोहोचवतो आणि ती कोणत्या जाळ्यातून आली हेही सांगतो. त्यावरून सर्व्हर योग्य पल्ला निवडतो.

दोन वाटेकरी

एकच सर्व्हर असेल आणि तो बंद पडला तर काय, या चिंतेने काही कार्यालये दोन ठेवतात. दोघे एकाच पल्ल्यातून स्वतंत्रपणे वाटू लागले तर एकच पत्ता दोघांना जाणार हे उघड आहे. यावरची जुनी रीत ऐंशी-वीसची. दोन्हींवर पल्ला सारखाच लिहायचा आणि एकाचा वाटा दुसऱ्याने वगळायचा. आपल्या १८० पैकी १४४, म्हणजे ५० ते १९३ पहिला वाटेल आणि १९४ ते २२९ वगळेल. दुसरा नेमके उलटे करेल. विंडोज सर्व्हर २०१२ पासून दोन सर्व्हरांची जोडी लावण्याची सोय आहे. तिच्यात दिलेल्या पत्त्यांची माहिती दोघांत आपोआप जुळत राहते. नव्याने वगळलेला गट किंवा राखीव नोंद मात्र आपोआप पलीकडे जात नाही. ‘रेप्लिकेट’ची आज्ञा स्वतः द्यावी लागते. ज्या दिवशी पहिला सर्व्हर बंद पडतो त्याच दिवशी हे विसरल्याचे ध्यानात येते.

न बोलावलेला वाटेकरी याहून वाईट. वायफाय कमी पडते म्हणून कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीवरील सॉकेटात जोडतो. त्या राउटरात डीएचसीपी चालूच असते आणि ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. तुम्ही मुख्य सर्व्हरवर वगळलेले पत्ते या पाहुण्याच्या गावीही नसतात. विंडोजच्या डोमेनमध्ये विंडोजच्याच सर्व्हरला पत्ते वाटण्यासाठी अधिकृत करावे लागते, पण त्या दीड-दोन हजारांच्या डब्याला ही अट लागू नाही. त्यावर उपाय स्विचवर आहे. डीएचसीपी स्नूपिंग सुरू करून फक्त खऱ्या सर्व्हरकडे जाणारे पोर्ट विश्वासू ठरवले की इतर पोर्टांवरून आलेली पत्त्यांची उत्तरे स्विच अडवतो. साध्या स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते, हे खरेदीच्या वेळी विचारून घ्यावे.

दोष ओळखण्याची खूण

बिघडलेल्या संगणकावर आयपीकॉन्फिगची आज्ञा तपशिलासह द्यावी आणि पत्ता पाहावा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर सर्व्हरकडून काहीच न मिळाल्याने विंडोजने तो स्वतःच घेतला आहे: सर्व्हर बंद आहे, वाट तुटली आहे किंवा पल्ला संपला आहे. पत्ता भलत्याच तुकड्यातला, उदाहरणार्थ १९२.१६८.०.५, असेल तर दुसरा वाटेकरी शिरला आहे. तुकडा तोच असला तरी ‘डीएचसीपी सर्व्हर’ या ओळीतील पत्ता आपल्या सर्व्हरचाच आहे ना, हे ताडून पाहावे, कारण घरगुती राउटरांतही हाच तुकडा वापरात असतो. सगळे ठीक असून जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर संघर्षाचा संशय घ्यावा.

वीज जाऊन आल्यावर लगेच अशा तक्रारी वाढत असतील, तर पत्ते कोण वाटतो ते पाहावे. काही साधे राउटर दिलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात आणि वीज गेली की विसरतात. त्यांना यूपीएसवर घेणे हा स्वस्तातला इलाज आहे.

चालू कार्यालयात बदल करताना

रिकाम्या जागेत आखणी करणे सोपे; चालत्या कार्यालयात बेताने करावे लागते. आधी सर्व यंत्रे सुरू असताना, प्रिंटर आणि कॅमेरेही, जाळ्यातील प्रत्येक पत्त्यावर पिंग करून पाहावे आणि लगोलग एआरपीची यादी काढावी. पिंगला उत्तर न देणारे यंत्रही त्या यादीत बहुधा सापडते. ही यादी सर्व्हरच्या यादीशी ताडली की जे पत्ते जाळ्यात आहेत पण सर्व्हरच्या वहीत नाहीत, ते हाताने भरलेले आहेत हे कळते.

त्यानंतर वगळण्याचे गट लिहावेत. एखादा पत्ता आज वगळला म्हणून तो ज्या संगणकाकडे आधीच आहे त्याच्याकडून तत्क्षणी परत येत नाही. सर्व्हरवरील त्याची जुनी नोंद काढावी आणि त्या संगणकावर पत्ता सोडून नवा घेण्याची आज्ञा द्यावी, किंवा तो सरळ पुन्हा सुरू करावा. असे संगणक बरेच असतील तर काही दिवस आधी लीजची मुदत कमी करून ठेवावी. जुनी मुदत आठ दिवसांची असेल तर संगणक चार दिवसांत नूतनीकरणाला येतात आणि नवी, लहान मुदत घेऊन जातात. मग शनिवारी संध्याकाळी बदल करावा, सोमवारी सकाळी तासभर लक्ष ठेवावे आणि सारे स्थिरावल्यावर मुदत पूर्ववत करावी.

कोणता गट कशासाठी आणि कोणता पत्ता कोणत्या यंत्राला, याचा एक कागद सर्व्हरच्या खोलीत लावावा आणि त्याची प्रत व्यवस्थापकाकडे ठेवावी. देखभालीचे काम बाहेरच्या माणसाकडे असेल तर हा कागद कार्यालयाच्या मालकीचा आहे, त्याच्या नव्हे, हे करारातच लिहून घ्यावे. कागदावर तारीख घालावी आणि नवा प्रिंटर आला की त्याच दिवशी तो दुरुस्त करावा.